गहाण न पडणारा दागिना

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर पोलिस ठाण्याच्या वतीने अधूनमधून एक लहानशी चौकट छापून येते. रेल्वेमार्गालगत किंवा बसस्थानकाच्या आवारात बेवारस आढळलेल्या मृताचे वर्णन तीत असते. वय अंदाजे साठ, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगावर हिरवे लुगडे, आणि शेवटी ‘उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले’. नाव, गाव, नातलग यांतले काहीच हाती उरलेले नसताना ओळख पटविण्याचे काम त्या तीन-चार हिरवट अक्षरांवर येऊन पडते. अशा बाईने हयातभर कोणत्या कागदावर सही केलेली नसते. तिच्यापाशी असलेला एकमेव लेख तिच्या कातडीवर असतो आणि तोही बहुधा तिला स्वतःला वाचता येत नसतो.

गोंदणाविषयीची मराठी समाजाची दृष्टी दोन-तीन पिढ्यांत चमत्कारिक रीतीने पालटली आहे. एकाच घरात सासूने ते भूषण म्हणून मिरविले, सुनेने पदराआड झाकले आणि आता नात त्यासाठी चांगले पैसे मोजते. हौसेमौजेची लहर येते आणि जाते, असे म्हणून या बदलाची बोळवण करणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. नक्षीत फारसा फरक पडलेला नाही. आजीच्या मनगटावरचे ठिपके आणि नातीच्या मनगटावरची चंद्रकोर यांत काही टोकाचे अंतर नाही. फरक पडला आहे तो, सुई कोणाच्या सांगण्यावरून टोचली जाते, यात. गोंदणाविषयी आपल्याला वाटणारा आदर, तिटकारा किंवा कौतुक हे वस्तुतः या एका प्रश्नाच्या उत्तराभोवती फिरते, आणि तरीही हा प्रश्न विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

जुनी रीत प्रथम पाहावी. गोंदणारीण बहुधा भटक्या जमातीतली असे. सुगी आटोपली की ती गावात येई आणि एखाद्या ओसरीवर किंवा पारावर बसे. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुया, करवंटीत कालवलेली काजळी आणि कुठल्याशा पाल्याचा रस एवढेच तिचे भांडवल. समोर बसविली जाणारी मुलगी सात-आठ ते बारा-तेरा वर्षांची. एखादी थोरली बाई तिचा हात घट्ट धरी, दुसरी गुडघ्यांवर हात ठेवून बसे आणि गोंदणारीण गाणे म्हणत टोचत राही. ते गाणे मुलीचे मन रिझविण्यासाठी जितके होते तितकेच तिचे रडणे झाकण्यासाठीही होते. काम संपले की वरून हळद आणि तेल. आठ-दहा दिवसांनी खपली पडली म्हणजे खालची निळसर-हिरवी रेघ उघडी होई. हनुवटीवर एक ठिपका, कपाळावर चंद्रकोर किंवा कुंकवाच्या जागी टिकली, मनगटाच्या आतल्या अंगाला तुळस, हातावर विंचू, कुठे देवाचे नाव. पांढरपेशा घरांतही हनुवटीवर वा हातावर एखादा ठिपका चालत असे; हातभर गोंदण मात्र कष्टकरी घरांतले. मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीकडील गोंड स्त्रियांच्या अंगावर तर त्याचा विस्तार याहून मोठा. मजुरी म्हणून पसा-दोन पसे जोंधळे, एखादे जुनेर, क्वचित चोळी. पुढे पुढे आणे-पैसे.

मुलीला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. लग्न जसे तिला विचारून ठरत नसे, तसेच गोंदणही. ‘सासरी गेल्यावर लोक काय म्हणतील’ हे एकच कारण पुरेसे होते. आज गोंदणाची गोडवे गाणारे लेख पुष्कळ लिहिले जातात, लोककला म्हणून त्याच्या नक्षीची छायाचित्रे प्रदर्शनांत मांडली जातात. त्या कौतुकात हा धरून ठेवलेला हात सहसा दिसत नाही. तो दिसला पाहिजे.

पण तेवढेच पाहून थांबले तर त्याच मुलीने मोठेपणी गोंदणाकडे इतक्या मायेने का पाहिले, याचा उलगडा होत नाही. जुन्या पिढीतील बायका एक गोष्ट हटकून सांगत : बाकीचे दागिने मेल्यावर काढून घेतील, गोंदण तेवढे बरोबर येईल. या वाक्यात परलोकाची भाषा असली तरी त्याच्या बुडाशी इहलोकीचा रोकडा अनुभव आहे. कोणत्याही दागिन्याला दोन मोले असतात. एक मिरविण्याचे आणि दुसरे मोडीचे. गरीब घरात दुसरे मोल पहिल्यावर नेहमीच मात करते. पाऊस चुकला, बैल दगावला, बियाणे घ्यावयाचे झाले की प्रथम बाईच्या अंगावरची चांदी सावकाराकडे जाते. दख्खनेतील कुणब्यांनी १८७५ साली सुप्यापासून आरंभ करून सावकारांची खतपत्रे जाळली, ती काही केवळ जमिनीच्या दुःखापोटी नव्हे. आणि लगेच १८७६ ते १८७८ या वर्षांत पडलेल्या दुष्काळात घरोघरच्या चांदीच्या वाळ्या-वाक्या विकल्या जाऊन टांकसाळीच्या मुशीत गेल्या. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्यांच्या बोलण्यातही मोडलेल्या दागिन्यांची यादी हमखास येते.

गोंदणाला मोडीचे मोल नाही. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भावाभावांच्या वाटणीत येत नाही, चोराला लुटता येत नाही. बाजाराच्या हिशेबाने जी वस्तू शून्य किमतीची, तीच नेमकी या कारणाने बाईच्या मालकीची राहिली. सुवर्णाच्या स्त्रीधनावर तिचा हक्क शास्त्राने मान्य केला होता, तरी व्यवहारात ते नवऱ्याच्या गरजेपुढे टिकत नसे. कायद्यालाही हे दुखणे ठाऊक होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात कर्जवसुलीच्या जप्तीतून ज्या वस्तू वगळल्या आहेत, त्यांत धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत अशा दागिन्यांचा समावेश आहे. बेलिफाच्या हातून मंगळसूत्र वाचविण्याची ही तरतूद. पण बाई घरच्यांच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने जे उतरवून देते, त्याला कोणते कलम वाचविणार? काजळीच्या ठिपक्यांना मात्र कलमाची गरज पडली नाही.

आणखी एक प्रसंग असा येई की, तेव्हा दागिना काढून घेणारा सावकार नसे, आप्तच असत. नवरा गेला की कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र उतरविले जाई. ज्या बाईच्या कपाळावर टिकली गोंदलेली असे, तिची टिकली पुसणे कोणाच्याही हाती नव्हते. रूढीनेच गोंदविलेली खूण रूढीलाच जुमानत नाही, हा विरोधाभास कोणी मुद्दाम योजलेला नव्हता, तरी तो होता खरा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा कित्ता ठेवला. कुंकू पुसू नये हे सांगण्यास ठराव आणि परिपत्रक लागले, यावरून त्या न पुसल्या जाणाऱ्या टिकलीचे महत्त्व ध्यानी यावे.

मग हे भूषण लाजेचा विषय केव्हा झाले? मुली शाळेत जाऊ लागल्या, शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, शहरात बिऱ्हाडे झाली, तेव्हा. गोंदण हा गावंढळपणाचा शिक्का ठरला. लांब बाह्यांची पोलकी, हनुवटीवर पावडरीचा हात, छायाचित्र काढताना पदर मनगटावर ओढून घेणे, या सगळ्या त्या काळच्या युक्त्या. ही लाज सर्वस्वी पोकळ होती असेही म्हणता येणार नाही. नेसण, दागिने आणि गोंदण यांवरून बाई कोणत्या घरची, कोणत्या जातीची, हे गावाला लांबूनच कळे. आणि ते कळणे काही जातींच्या वाट्याला मानाचे तर काहींच्या वाट्याला अपमानाचे होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात, जातीची ओळख सांगणारी लुगड्याची नेसण आणि अंगावरचे जडशीळ दागिने टाकून देण्यास सांगितले. त्या सभेहून परतणाऱ्या स्त्रियांनी नेसण बदलली, कथलाचे आणि चांदीचे ओझे उतरविले. नेसण एका सकाळीत बदलता येते, दागिना एका क्षणात उतरतो. कपाळावरचे आणि हातावरचे टोचलेले मात्र उतरविण्याची सोय नव्हती. जो गुण सावकारापुढे वरदान ठरला, तोच जातीच्या बाजारात शाप ठरला.

या शापाचे टोक पाहावयाचे तर सत्तेच्या हातातील सुईकडे पाहावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, १७९७ पासून, बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची शिक्षा रूढ झाली. मद्रास इलाख्यातही ती चालली आणि १८४९ साली ती कायद्याने रद्द झाली. सरकारी दप्तरात या शिक्षेला ‘गोदना’ हाच लोकांचा शब्द होता. कायदा रद्द झाला तरी कल्पना मेली नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसर येथे पोलिसांनी काही स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ असा शब्द गोंदविला. त्या प्रकरणातील पोलिसांना पतियाळाच्या विशेष न्यायालयाने शिक्षा ठोठावली ती २०१६ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. एवढा काळ त्या स्त्रियांनी कपाळ झाकून काढला असेल, तर तो कारावास कोणत्या हिशेबात धरावयाचा? ‘दीवार’ या १९७५ च्या चित्रपटात कामगार पुढाऱ्याच्या लहान मुलाच्या हातावर बाप चोर असल्याची अक्षरे गोंदविली जातात आणि पुढे तो श्रीमंत झाला तरी ती त्याची पाठ सोडत नाहीत. त्या काळच्या प्रेक्षकाला हे दृश्य इतके झोंबले, याचे कारण गोंदण पुसता येत नाही हे ज्ञान त्याला घरातूनच मिळालेले होते.

सत्तेच्या हाती असलेली हीच सुई हिसकावून घेता येते याचेही उदाहरण आहे. छत्तीसगढातील रामनामी पंथाच्या लोकांना अस्पृश्य म्हणून देवळाची दारे बंद होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी रामाचे नाव स्वतःच्या अंगावर गोंदून घेण्यास प्रारंभ केला, कोणी कपाळावर, कोणी सर्वांगावर. देवळाबाहेर उभे केलेल्या माणसाने देवाचे नाव असे अंगी वागविले की त्याला कोणत्या पायरीवरून हटविणार? महाराष्ट्रात आज तरुणांच्या दंडावर ‘जय भीम’ किंवा बाबासाहेबांची स्वाक्षरी दिसते, कुठे शिवछत्रपतींची राजमुद्रा दिसते. या साऱ्यात उत्साहाचा, क्वचित चढाओढीचा भागही आहेच. पण ज्या खुणेने पूर्वी हिणविले जात असे तिच्या जागी स्वतः निवडलेली खूण आली, हे अंतर लहान नव्हे.

आता नव्या गोंदणाकडे वळू. त्याला ‘टॅटू’ म्हटले की ते निराळे वाटते आणि त्याचा भावही निराळा होतो. विजेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली घेतले. एडिसनने कागदावर छिद्रे पाडण्यासाठी केलेल्या विजेच्या लेखणीवरून ते बेतलेले होते. आपल्याकडे जत्रांतून बॅटरीवर घुरघुरणारी यंत्रे आली आणि नावाच्या अक्षरांवर दर ठरू लागला. शहरांतील वातानुकूलित दालनांत तो चौरस इंचावर ठरतो आणि काही शे रुपयांपासून पुढे कितीही चढतो. पसाभर जोंधळ्यांवर जिने हजारो हात रंगविले त्या गोंदणारणीच्या नातवंडांना या नव्या धंद्यात कुठे जागा मिळाली आहे काय, हा प्रश्न ‘पारंपरिक नक्षी’ विकणाऱ्यांनी स्वतःला विचारावयास हरकत नाही.

काढून टाकण्याचा खर्च गोंदविण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक, ही या धंद्याची दुसरी बाजू. त्याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. शाई वरच्या कातडीत राहिली असती तर ती काही आठवड्यांत झडून गेली असती. ती त्याखालच्या थरात जाते आणि परके कण गिळणाऱ्या पेशी तिला गिळून तिथेच बसतात. अशी पेशी मेली की सुटलेले कण दुसरी पेशी गिळते. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून हा व्यवहार दाखवून दिला. म्हणजे गोंदण टिकते ते दगडावरच्या रेघेसारखे नव्हे, तर घराण्यात हस्तांतरित होत गेलेल्या वतनासारखे. लेसर किरणांनी हे कण फोडावे लागतात, त्यासाठी अनेक बैठकी घ्याव्या लागतात आणि इतके करूनही पुसट डाग राहण्याचा संभव असतोच.

मध्यमवर्गीय घरांत आज मुलामुलींच्या गोंदणावरून जे वाद होतात, त्यांत आईबापांची मुख्य तक्रार प्रकृतीची नसते. ती असती तर रास्त ठरली असती. एकच सुई अनेकांना वापरली तर काविळीचा आणि एड्सच्या विषाणूंचा संसर्ग होऊ शकतो. गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हे रक्तदान शिबिरात हात पुढे करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तिथे गेल्यावर कळते. परंतु घरातला आक्षेप असतो तो लग्नाचा आणि नोकरीचा. म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ हेच जुने कारण, फक्त उलट्या दिशेने. पूर्वी गोंदण नसेल तर लोक बोलत, आता असेल तर बोलतात. अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय चाळिसाव्या वर्षी पटेल काय, ही शंका खोटी नाही. प्रियजनाचे नाव गोंदवून नंतर त्यावर फुले-पाने चढविणाऱ्यांची संख्या थोडी नाही. पण आपल्याकडे अठराव्या वर्षी शिक्षणाची शाखा ठरते, पुष्कळ मुलींचे लग्नही त्याच सुमारास ठरते, आणि तेव्हा चाळिसाव्या वर्षाची आठवण कोणी काढीत नाही. मुलीने स्वतः निवडलेली गोष्ट असली की तिच्या कायमपणाची धास्ती वाटावी आणि तिच्यासाठी इतरांनी निवडलेल्या गोष्टीचा कायमपणा हाच गुण मानावा, हे तर्काला धरून नाही.

नोकरीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो शहरातील हौशी तरुणापेक्षा खेड्यातील भरतीच्छू मुलाला अधिक जाचतो. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले आज तालुक्या-तालुक्याला दिसतात. सैन्यदलाच्या नियमांप्रमाणे कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला एवढ्याच ठिकाणी चालते. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण ते सलामीच्या नव्हे अशा डाव्या हाताच्या आतल्या बाजूस किंवा पंजाच्या पाठीवर असावे आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान असावे, असा दंडक आहे. शिस्तीच्या दलाला गणवेशाबाहेर दिसणाऱ्या खुणांवर बंधन घालण्याचा अधिकार आहे. ओंगळ किंवा द्वेषमूलक मजकूर अंगावर वागविणाऱ्याला दलाने नाकारले तर तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण दुसरीकडे आहे. सात वर्षांच्या मुलाला जत्रेत नेऊन आजीने त्याच्या उजव्या हातावर देवाचे नाव टोचून घेतले, तेव्हा सलामी कोणत्या हाताने देतात हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बारा वर्षांनंतर तो मुलगा धावण्यात, उंचीत, छातीत उतरतो आणि आजीच्या नवसापाशी अडतो. मग लेसरवाल्याकडे धाव, त्यासाठी उसनवारी, आणि तेवढ्यात वयोमर्यादा निघून जाण्याची भीती.

सैन्यदलाच्या नियमांत आदिवासी जमातींतील उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची सवलत आहे. ही सवलत योग्यच आहे, आणि तिच्यामागचे तत्त्व नीट पाहिले तर ते असे की, ही खूण या मुलाने स्वतः निवडलेली नाही, ती त्याला त्याच्या माणसांनी दिलेली आहे. हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर ते जमातीच्या दाखल्यापाशीच का थांबावे? धनगर, वडार, कैकाडी किंवा कुणबी घरातल्या मुलाचा हातही त्याच्या संमतीवाचूनच पुढे धरला गेलेला असतो. उलट प्रौढपणी, नियम माहीत असताना, हौसेखातर उजवा हात भरून घेतलेल्या उमेदवाराला सवलत नाकारली तर त्यात अन्याय नाही.

आज तपासणीच्या वेळी गोंदणाची जागा, आकार आणि मजकूर पाहिला जातो. ते कोणत्या वयात झाले हे पाहिले जात नाही. सज्ञान होण्यापूर्वीचे गोंदण, ते प्रकृतीस अपायकारक आणि आक्षेपार्ह नसेल तर, कोणत्याही हातावर असो, अपात्रतेचे कारण मानू नये, एवढी दुरुस्ती नियमांत करणे अवघड नाही. पुरावा कसा मिळणार, ही शंका काढली जाईल. जुने, फिकट पडलेले, मुलाच्या वाढीबरोबर रुंदावलेले गोंदण आणि गेल्या वर्षीचे ठसठशीत गोंदण यांतला फरक डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतो. आणि त्याउपर खात्री हवीच असेल तर गावच्या शाळेतील शिक्षक आणि सरपंच आहेतच. उमेदवाराच्या रहिवासाचा आणि वर्तणुकीचा दाखला त्यांच्याकडूनच घेतला जातो. त्यात या मुलाच्या हातावरचे नाव तो लहान असल्यापासून आहे, ही एक ओळ अधिक लिहिण्यास त्यांची ना नसावी.